फोटोतले आजोबा

महाडच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं. साड्या, शर्टपीस, चादरी, लग्नाचा बस्ता, असं सगळं आम्ही ठेवतो. गिऱ्हाईक बहुतेक डोंगरातलं, पोलादपूरच्या वाड्यांतलं, शिवथरच्या खोऱ्यातलं. दुपारी दुकान रिकामं असतं. त्या रिकाम्या वेळात मला एका मराठी संस्थळाची सवय लागली.

तिथे कुणीतरी एखाद्या विषयावर धागा काढायचा आणि बाकीच्यांनी खाली प्रतिसाद देत जायचं. खऱ्या नावानं कोणी वावरत नसे. मीही एक टोपणनाव घेतलं आणि चेहऱ्याच्या जागी आंबेनळी घाटातल्या धुक्याचा फोटो लावला. फोटो काढायचा नाद मला आधीपासून होता. शिवथरघळीजवळचा धबधबा, घाटातली रानफुलं, भात लावणीच्या वेळची खाचरं, असं काय काय मी काढायचो आणि तिथे टाकायचो. लोकांना ते आवडायचं. मला ते ‘महाडवाले’ म्हणू लागले.

त्या संस्थळावर चित्र थेट चढवता येत नसे. आधी ते दुसऱ्या एखाद्या जागी ठेवायचं, तिथला दुवा उचलायचा आणि धाग्यात डकवायचा. पुष्कळांना ते जमत नसे. चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट यायची. मी एकदा सगळी कृती पायरीपायरीनं लिहून काढली आणि तो धागा पुढे नव्या माणसाला दाखवायचा म्हणून ठेवून दिला गेला. कोणी अडलं की म्हणायचे, महाडवाल्यांना विचारा. माझ्याविषयी त्यांचे तर्कही चालायचे. एकाला वाटायचं मी डॉक्टर असणार. एका बाईंना वाटायचं, निवृत्त प्राध्यापक. मी ते कधी खोडून काढलं नाही. ‘छोटासा व्यवसाय आहे’ एवढंच लिहायचो आणि ते त्यांना नम्रपणा वाटायचा.

मग एका पावसाळ्यात पूर आला. महाडला पूर नवा नाही, त्यामुळे आम्ही नेहमीसारखे खालचे तागे वरच्या फळ्यांवर चढवले आणि घरी येऊन झोपलो. पाणी वरच्या फळ्यांच्याही वर गेलं. घर तळमजल्यावर आहे, तेही गेलं. बायको आणि मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर घरात गाळ. स्वयंपाकघराचं दार उघडेना, कारण आतून फ्रीज आडवा झालेला. भांडी निम्मी कुठे गेली ते कळलंच नाही. दुकानात तर चिखलानं माखलेले तागे एकमेकांवर बसून त्यांचा एकच गोळा झाला होता. हात घातला की आतून ऊन वाफ यायची आणि कुजका वास.

कपडे अंगावर होते तेवढेच उरले होते. रस्त्यावर मदतीचे टेम्पो यायला लागले, पुण्याहून, मुंबईहून, कुठून कुठून. मी जात नव्हतो. बायको म्हणाली, “अहो, जाऊन या ना. निदान कोरडा शर्ट तरी आणा.”

“मी कापडाचा व्यापारी. मी रांगेत उभा राहू?”

“मग ओलेच बसा,” ती म्हणाली आणि गाळ उपसायला लागली.

मी गेलो. रांगेत ओळखीचे बरेच होते, पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा टेम्पोतल्या एका तरुणानं वाकून माझ्या हातात एक गाठोडं दिलं आणि बाजूच्याला म्हणाला, “घे रे, हा घे.” मला वाटलं आणखी काही देणार आहे. तो फोटो घ्यायला सांगत होता, हे मला त्या क्षणी कळलं नाही. गाठोड्यात एक चादर होती आणि वापरलेले दोन शर्ट. घरी येईपर्यंत मी बोटांनी कापड ओळखलंसुद्धा होतं. बरं कापड होतं. शर्ट मला ढगळ झाला आणि मी तो पुष्कळ दिवस घातला.

वीज, फोन सुरू व्हायला वेळ लागला. संस्थळावर गेलो तेव्हा तिथे माझीच चौकशी चालली होती. महाडवाले कुठे आहेत, कुणाला काही कळलं का, कोणी जाऊन बघून येईल का. वाचून डोळे भरून आले. मी लिहिलं, “आम्ही सुखरूप आहोत. दुकानात थोडं पाणी शिरलं होतं. काळजी नसावी.”

थोडं पाणी. आजही ते दोन शब्द आठवले की कसंतरी होतं. पण तेव्हा हात दुसरं काही लिहायला वळेना.

त्याच दिवशी पुण्याच्या एका सदस्यानं पूरमदतीचा धागा काढला. तो आणि त्याचे मित्र टेम्पो घेऊन महाडला येऊन गेले होते. फोटोंचा दुवा होता. मी तो उघडला. आमचीच पेठ, आमचाच चिखल, शेजारच्या भांडेवाल्याचं वाकडं झालेलं शटर. आणि मग मी.

पहिल्यांदा मी मला ओळखलंच नाही. दाढी पांढरी वाढलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. गाठोडं छातीशी धरलेलं आणि त्यावरून दोन्ही हात जोडलेले. मी हात जोडले होते हे मला आठवत नाही. पण त्याहून वाईट होतं ते हसू. ते मी ओळखलं. मोठ्या बस्त्याचं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं तेव्हा मी जे हसतो, तेच. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी तसा हसलो होतो.

फोटोखाली लिहिलं होतं, ‘महाडचे आजोबा. सगळं वाहून गेलं, पण चेहऱ्यावरचं हसू नाही.’

खाली प्रतिसादांची रीघ लागली होती. डोळे बघा त्यांचे. किती कृतज्ञ. माणूस कोलमडला नाही. एका बाईंनी, ज्या मला प्राध्यापक समजायच्या, त्यांनी लिहिलं होतं की फोटो बघून त्यांना जेवण गेलं नाही. सगळी माझी रोजची माणसं. ती माझ्याबद्दल बोलत होती आणि मी तिथेच बसून वाचत होतो.

तेव्हाच लिहायला हवं होतं, अहो हा मी. हसण्यावारी गेलं असतं. पण ‘थोडं पाणी’ वर लिहिलेलं होतं ना. आणि प्राध्यापक, डॉक्टर, महाडवाले, हे सगळं त्या एका वाक्यानं त्या चिखलात जाऊन बसलं असतं. मी काहीच लिहिलं नाही.

आणि मग पुण्याच्या त्या मुलानं मला खाजगी निरोप पाठवला. “काका, तुम्ही महाडचेच. या आजोबांना ओळखता का? सगळ्यांच्या मनात त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे. कुकर, ब्लँकेटं, थोडी भांडी असं जमलं आहे. तुमच्या पत्त्यावर पाठवलं तर तुम्ही पोचवाल का?”

मी त्याला दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर दिला आणि लिहिलं, “ओळखीचे वाटत नाहीत. चौकशी करतो.”

त्यानं धाग्यात लगेच जाहीर करून टाकलं की महाडवाले आजोबांचा शोध घेत आहेत. लोकांनी मला धन्यवाद दिले. एकानं लिहिलं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. मी दोन दिवस संस्थळ उघडलं नाही. उघडलं तेव्हा दुसरा निरोप होता, “सामान कुरियरनं निघालं.”

खोकं दुकानात आलं. तोवर आम्ही पुढची अर्धी जागा धुऊन काढली होती, उसनवारीचा थोडा माल आणून मांडला होता. खोकं मी गादीमागे सरकवून ठेवलं. बायकोनं विचारलं काय आहे, तर म्हटलं, पुण्याच्या मित्रांनी वाटायला पाठवलंय. ते खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं.

पोलादपूरपलीकडच्या एका वाडीतले एक म्हातारे आमचं जुनं गिऱ्हाईक. वडिलांच्या वेळेपासूनचे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला शेट म्हणतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडचाच. धाकटा मुलगा मुंबईत एका कंपनीत गाडीवर असतो. त्या आठवड्यात एक दिवस काका दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. डोक्यावर पोतं, हातात तवशीची, म्हणजे मोठ्या गावठी काकड्यांची, पिशवी. रस्त्यावर दरड आली होती, म्हणून वाडीतून खालच्या फाट्यापर्यंत चालत आणि मग मिळेल त्या गाडीनं आले होते.

“शेट, दुकान बुडालं आयकला,” ते म्हणाले. “म्हनला बघून येव.”

त्यांनी पोतं खाली ठेवलं. तांदूळ होते, घरचे. थोडी नाचणी होती.

“काका, हे कशाला?”

“कशाला काय? घरात खायाला नको? आमच्याकडं डोंगरावर कुठं पानी चढतंय. आमचं हाय तसं हाय.”

मी ते घेतलं. घेताना मला काहीच वाटलं नाही, इतकं ते सहज होतं. चहा मागवला. ते बसले, कुठली भिंत पडली, कोणाचं जनावर गेलं, असं विचारत राहिले. उठायला निघाले तेव्हा माझी नजर गादीमागच्या खोक्यावर गेली आणि डोक्यात ते आलं. आलं म्हणजे एकदम सगळंच आलं. सामान मार्गी लागेल, काकांना उपयोग होईल, फोटो होईल, विषय मिटेल. त्यात मला काही गैर दिसलं नाही. उलट बरंच वाटलं.

“काका, हे तुम्हाला. पुण्याच्या माझ्या ओळखीच्यांनी पाठवलंय.”

“मला? आन मला कशापायी?”

“काकूंना होईल कुकर. घ्या. आणि एक फोटो काढतो, त्यांना पाठवायला.”

ते खोक्याकडे बघत राहिले. मग माझं मन मोडू नये म्हणून असेल, त्यांनी ते हातात घेतलं. मी त्यांना पायरीवर उभं केलं, मागे चिखलाची रेघ भिंतीवर दिसत होती. फोटो चांगला यावा म्हणून मीच म्हटलं, “टोपी जरा सरळ करा.” त्यांनी केली. “थोडं हसा.”

“हसू कशाला?” त्यांनी विचारलं आणि तरीही हसले.

मी फोटो माझ्या जागेवर ठेवला, दुवा उचलला आणि धाग्यात डकवला. खाली लिहिलं, ‘फोटोतले आजोबा नातलगांकडे गेल्याचं कळलं. त्यांच्याऐवजी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका पूरग्रस्त कुटुंबाला मदत दिली. सर्वांचे आभार.’ पूरग्रस्त हा शब्द मी आपण होऊन घातला. त्याशिवाय ते वाक्य पुरं वाटेना.

पुन्हा प्रतिसाद आले. चेहऱ्यावरचं समाधान बघा. फोटो महाडवाल्यांचा, म्हणजे काय बोलायचं. मला आत कुठेतरी टोचत होतं, पण खरं सांगायचं तर फोटोचं कौतुक मी दोनदा वाचलं.

पुढे गणपती आले. मुंबईची माणसं गावाकडे यायला लागली, महामार्गावर गाड्यांची रांग लागली. दुकानात त्या दिवसांत थोडं गिऱ्हाईक होतं. एक जोडपं पुढे बसून साड्या उलगडून बघत होतं, तेवढ्यात एक तिशीचा माणूस हातात मोठी पिशवी घेऊन आत आला. चपला काढल्या नाहीत. मी ओळखलं, काकांचा धाकटा.

“ये रे, कधी आलास? बस,” मी म्हटलं.

“बसायला नाय आलो.” त्यानं फोन माझ्यापुढे धरला. “ह्यो फोटो तुमीच काढला ना?”

काका पायरीवर, हातात खोकं, टोपी सरळ. खाली माझीच ओळ.

“आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर आला. कुनीतरी लिंक टाकली. पूरग्रस्त कुटुंब.” त्यानं ते एकेक अक्षर सुटं करून वाचलं. “शेट, आमच्या वाडीत पूर कधी आला? डोंगरावर पूर येतो काय?”

जोडप्यातल्या बाईनं साडी खाली ठेवली.

“अरे, ते लिहिताना जरा—”

“बाप तुमाला तांदूळ द्यायला आला होता. आई सांगते, डोक्यावर आनला त्यानं. आन तुमी त्याचाच फोटो काढून भिकारी म्हनून लावला. मंडळात लोकं मला काय म्हनतात, माहीत हाय? म्हनतात, पगार मुंबईला घेतोस आन बाप महाडात हात पसरतो.”

साड्या बघणारा माणूस उठला, बायकोला म्हणाला, नंतर येऊ. ते गेले.

“काढा तो,” तो म्हणाला.

संस्थळावर एकदा लिहिलेलं आपलं आपल्याला काढता येत नाही. पण फोटो माझ्या जागेवर होता. तिथून काढला की धाग्यातही दिसणार नाही. मी माझा फोन घेतला आणि त्याच्यादेखत फोटो पुसला. मग धागा उघडून दाखवला. फोटोच्या जागी रिकामी चौकट होती. पण माझी ओळ खाली तशीच होती आणि तिच्याखाली सगळ्यांचे प्रतिसाद.

“गेला?”

“इथून गेला.”

“आन मंडळाच्या ग्रुपवरून?”

“तिथून... लोकांनी आपापल्या फोनवर घेतला असेल तर मला काढता येणार नाही.”

त्यानं मान हलवली. पिशवी गादीवर ठेवली. “कुकर, ब्लँकेटं, सगळं हाय. आईनं हात पन लावला नाय.” आणि तो गेला.

दुपारी ती पिशवी घेऊन जेवायला घरी गेलो तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं, रांगेपासून. तिला तो पहिला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला.

“तुम्ही असे हसलात?” तिनं विचारलं.

“हो.”

“मीच पाठवलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. मग चष्मा काढून, “पण शर्ट घेतला त्यात काय? आपल्याला नव्हता, घेतला. ते तेव्हाच सांगून टाकायचं. त्या माणसाला कशाला मध्ये घातलंत?”

ती उठली, पिशवीतला कुकर बाहेर काढला, उलटापालटा करून पाहिला. “आपला वाहून गेलाय. आणि हा पाठवला कोणाला होता? फोटोतल्या माणसालाच ना?”

“हो, पण—”

“मग आपलाच आहे.” तिनं तो धुतला आणि त्यात भात लावला. तांदूळ काकांनी आणलेले. मी जेवलो. घास कसा उतरला ते मला विचारू नका. बायको जेवली, तिला भूक लागली होती.

संध्याकाळी मी पुण्याच्या त्या मुलाला निरोप लिहिला. सगळं खरं लिहिलं. फोटोतला माणूस मी, दुसरे आजोबा पूरग्रस्त नाहीत, ते मला द्यायला आले होते, चूक माझी. तुमच्याकडचा माझा फोटो कृपा करून काढा. पाठवलं आणि फोन पालथा घालून ठेवला.

त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाज ऐकून तो किती लहान आहे ते कळलं.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं. गडबडीत सगळ्यांचेच काढत होतो.”

“असू दे.”

“मी आजच काढतो.” मग तो म्हणाला, “पण काका, हे तुम्ही धाग्यावर लिहा ना. फार भिडेल लोकांना. तुम्ही लिहिताही छान. दोन्ही फोटो शेजारी लावले तर—”

“नको,” मी म्हटलं.

“सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं.”

तो वाईट मुलगा नव्हता. दोन्ही फोटो शेजारी लावायचं मलाही सुचलं असतं, विषय दुसऱ्या कोणाचा असता तर. त्यानं शब्द पाळला, फोटो काढला. मी धाग्यात चार ओळी लिहिल्या. पहिल्या फोटोतला माणूस मी आहे. दुसऱ्या फोटोतल्या गृहस्थांच्या गावी पूर आला नव्हता, त्यांनी मदत मागितलीही नव्हती. मी खोटं लिहिलं, माफ करा. सामान ज्याच्यासाठी पाठवलं त्याच्याच घरी आहे.

बरेच जण समजून घेऊन बोलले. एकानं विचारलं की मग अशा मदतीचा हिशेब कोण बघतं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, त्यावरून त्यांची जुंपली आणि चालकांनी प्रतिसाद बंद करून धागा वाचनापुरता ठेवला. जेवण न गेलेल्या बाईंनी मला खाजगीत लिहिलं, “तुम्ही आम्हाला परकं समजलात याचं वाईट वाटलं.” त्यांचा निरोप अजून तसाच पडून आहे.

गौरी जेवल्या त्या दिवशी मी काकांच्या वाडीला निघालो. गणपतीच्या दर्शनाला कोणीही कोणाच्या घरी जाऊ शकतं, तेवढी वाट उघडी होती. मी एक चांगला शर्टपीस कागदात बांधला होता. बायकोनं तो पिशवीतून काढून ठेवला. “पेढे न्या फक्त. तिथे आता काही द्यायला जाऊ नका.”

पोलादपूरपर्यंत मोटारसायकल, पुढे वर वाडीपर्यंत चढ. दरडीची माती बाजूला केलेली होती. अंगणात मुंबईहून आलेली पोरं खेळत होती. धाकटा ओट्यावर बसला होता. मला बघून तो उठला आणि घरामागे गेला.

“या शेट,” काका म्हणाले.

मी गणपतीला नमस्कार केला, पेढे ठेवले. काकूंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी खाली बसलो आणि म्हटलं, “काका, माझं चुकलं. तुम्ही माझ्यासाठी आलात आणि मी...”

काका खालच्या सारवलेल्या जमिनीकडे बघत होते. “मला त्या फोटूतलं काय कळत नाय,” ते म्हणाले. “पोरगा तापला, म्हनून समजला.”

“मी काढून टाकलाय तो.”

“व्याह्यानं फोन केला होता.” व्याही म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे. “म्हनला, काय कमी पडत होता तं मला सांगायचं. म्हनला, पोरीला आमच्यात मान खाली घालाया लागली.” मग म्हणाले, “चाळीस वर्सांत कुनाच्या दारात गेलो नाय, शेट.”

मी त्यांना काय सांगणार होतो? मी रांगेत उभा राहिलो होतो ते सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण ते सांगून मी पुन्हा स्वतःसाठीच काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं. काकूंनी प्रसाद आणून हातावर ठेवला. काका मला अंगणाच्या टोकापर्यंत सोडायला आले. “सावकाश जावा, उतार हाय,” म्हणाले. ‘असू दे’ असं ते म्हणतील, अशी मी अंगण संपेपर्यंत वाट बघत होतो. ते म्हणाले नाहीत, आणि का म्हणावं त्यांनी?

त्याला आता काही वर्षं झाली. दुकान हळूहळू उभं राहिलं. संस्थळावर मी क्वचित जातो, लिहीत नाही. काका महाडला आले की पेठेतून जाताना हात वर करतात, मीही करतो. पायरी ते चढत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्याचं लग्न ठरलं. बस्ता त्यांनी पोलादपुरात बांधला, असं मला दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मला वाईट वाटलं, पण राग येण्याचा हक्क नव्हता. मग एक दिवस पत्रिका आली. काका स्वतः नव्हते, वाडीतला कुणीतरी माणूस गल्ल्यावर ठेवून गेला. वर माझं नाव, सहकुटुंब.

बायको गेली. मी गेलो नाही. कपडे घालून तयार झालो होतो, मग डोकं दुखतंय म्हणालो. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि एकटीच निघाली. संध्याकाळी ती परत आली, हातात नारळ होता.

“विचारत होते तुम्हाला,” ती म्हणाली.

“कोण, काका?”

“काका नाही. नवरा मुलगा. म्हणाला, शेट नाय आले?”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, दुकानात गर्दी आहे.”

त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी आमचं दुकान बंद असतं, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.